पक्कड मास्तरांचा दोर

माझ्या भाऊजींना सगळं शहर पक्कड म्हणून ओळखतं. बचाव खात्यातल्या इतरांना काय एकेक नावं मिळाली होती! कुणी वीज, कुणी गरुड, कुणी तुफान. आणि आमच्या भाऊजींच्या वाट्याला सुताराच्या पेटीतलं हत्यार. पण नाव चोख बसलं होतं. त्यांच्या हातांना जन्मतःच एक देणगी होती, त्यांनी जे धरलं ते सुटत नसे. तार तुटून लोंबकळणारी लिफ्ट असो की कठड्यावरून घसरलेलं पोर असो, एकदा मूठ मिटली की मिटली. बाकी त्यांना उडता येत नव्हतं, भिंती फोडता येत नव्हत्या, आणि सर्दी तर दर महिन्याला व्हायची.

मी शिंपी. ताईच्या लग्नानंतर त्यांचा पोशाख शिवायचं काम माझ्याकडे आलं ते आजपर्यंत माझ्याकडेच आहे. पहिल्यांदा मी मोठ्या हौसेनं विचारलं होतं, पाठीवर एखादा झगा सोडू का? तर म्हणाले, झगा उडणाऱ्यांना शोभतो, मला बाह्या घट्ट पाहिजेत. त्यामुळे शहरातल्या सगळ्यांत नावाजलेल्या वीराचे कपडे मी आयुष्यभर शिवले आणि बघणाऱ्याला ते गॅरेजमधल्या मेकॅनिकचे वाटले. माझ्या धंद्याला त्यांच्या कीर्तीचा काडीचा उपयोग झाला नाही.

साठी उलटल्यावर खात्यानं त्यांना निवृत्त केलं आणि निरोपाला आरामखुर्ची भेट दिली. ताईनं त्या खुर्चीवर ओले टॉवेल वाळत घालायला सुरुवात केली. भाऊजी घरभर फिरायचे, नळ घट्ट करायचे, बरण्यांची झाकणं घट्ट करायचे. मग ताईला ना नळ उघडायचा ना बरणी. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, असं मी म्हणालो की दोघंही माझ्याकडे रागानं बघायचे. शेवटी ताईनंच खात्यात खेटे घातले, साहेबांच्या डोक्यावर बसली आणि नव्या मुलांना शिकवायचं काम त्यांना मिळवून आणलं. माझी ताई अशीच आहे. घरातलं कुठलंही गाडं अडलं की ती कुणाला न विचारता खांदा लावते.

माझ्या दुकानामागे बंद पडलेल्या छापखान्याची शेड होती, तिथं शिकवणी सुरू झाली. मुलं तीन. एका मुलीला भिंतीपलीकडचं दिसायचं, तिला सगळे आरपार म्हणत. एक दांडगा मुलगा होता, तो पाठीवर मोटार उचलायचा आणि माझ्या शिवणी उसवायचा. तो हमाल. आणि तिसरा उंदीर. त्याचं अंग इतकं लवचिक की जिथून मांजर जाणार नाही तिथून हा जायचा. तिघंही विशीच्या आतबाहेरची, अंगात मस्ती, आपल्याला सगळं येतं असा आव. भाऊजींना ती मास्तर म्हणायची.

मास्तरांनी त्यांना पहिल्या महिन्यात काहीच उचलू दिलं नाही, कशातून जाऊ दिलं नाही. रोज सकाळी गोल उभं राहायचं आणि प्रत्येकानं आपलं आजचं उणं सांगायचं. म्हणजे आज माझं काय चालत नाही ते. झोप झाली नसेल, घरी भांडण झालं असेल, भीती वाटत असेल, सगळं. ते सांगितल्याशिवाय कामाला हात लावायचा नाही आणि तिथं बोललेलं शेडच्या बाहेर न्यायचं नाही. भाऊजींचा तरुणपणचा जोडीदार अंगात ताप असताना तो लपवून कामावर आला होता आणि एका पुलावरून परत आला नाही. उण्याची ही पद्धत तेव्हापासूनची. भाऊजी म्हणत, आपल्या कामात माणूस ताकद कमी पडल्यानं मरत नाही, कमी पडलेली ताकद न सांगितल्यानं मरतो.

पोरं आधी लाजली. उंदीर म्हणाला, माझं उणं काही नाही. भाऊजींनी त्याला घरी पाठवून दिलं. दुसऱ्या दिवशी तो आला, खाली मान घालून उभा राहिला आणि म्हणाला, मला अंधाराची भीती वाटते. फटीफटीतून सरपटणाऱ्या पोराला अंधाराची भीती. मी मागच्या खिडकीतून ऐकत होतो, मला हसू आवरेना. शेडमध्ये मात्र कुणी हसलं नाही. त्या दिवशी भाऊजींनी त्याच्या कपाळावर बसेल असा दिव्याचा पट्टा माझ्याकडून शिवून घेतला.

मग एका सकाळी भाऊजींनी स्वतःचं उणं सांगितलं. उजव्या हाताची शेवटची दोन बोटं कधीकधी आपोआप उघडतात, असं म्हणाले. कधी उघडतील ते कळत नाही. पोरांनी तोंडात बोटं घातली. ज्याची मूठ कधी सुटली नाही तो माणूस सांगत होता की आता सुटते. त्यांनी लगेच पुढचंही सांगून टाकलं.

"मी अजून दोर धरणार आहे," ते म्हणाले. "डाव्या हातात दम आहे, उजव्यात तीन बोटं आहेत. पण ज्या दिवशी तुम्हाला वाटेल की या म्हाताऱ्याच्या हाती आपला जीव देऊ नये, त्या दिवशी मला तोंडावर सांगायचं. मी दोर खाली ठेवीन, एक शब्द बोलणार नाही. फक्त तोंडावर सांगा."

तिघांनी त्यांच्या हातावर हात ठेवून शब्द दिला. भाऊजींना आयुष्याकडून आता एवढंच हवं होतं, दोर आपल्या हाती आहे तोवर तो खरा असावा.

दोराची रीत साधी होती. कुठं काही कोसळलं की उंदीर कमरेला दोर बांधून आत शिरायचा. भाऊजी बाहेर पाय रोवून दुसरं टोक धरायचे. आतून एक हिसका आला की सगळं ठीक, दोन आले की ओढा. आणि बराच वेळ काहीच आलं नाही तर आतल्या माणसाचं काही खरं नाही, मग धरणाऱ्यानं दोराच्या मागोमाग स्वतः आत जायचं.

वर्षभर असं चाललं. कुठं जिना कोसळला, कुठं गिरणीची चिमणी कलली, एकदा बस पुलाखाली अडकली. प्रत्येक वेळी भाऊजी दोर धरून उभे. संध्याकाळी घरी आले की तळहातावरचे वळ दाखवत सगळं सविस्तर सांगायचे, पोरगं कसं घसरलं, हिसका कसा आला, आपण कसं सावरून धरलं. मी ती कथा ऐकायला मुद्दाम दुकान लवकर बंद करून जायचो. ताई वाढता वाढता ऐकायची, मधूनच "मग?" म्हणायची. भाऊजी त्या वर्षी दहा वर्षांनी लहान दिसत होते.

आणि मग ज्या घाऊक कापडवाल्याकडून माझं कापड येतं त्याच्या गोदामाचा मजला खचला. मी धावत गेलो, म्हटलं आपले तागे गेले. तिथं पोचलो तर तागे राहिले बाजूला, दोन कामगार आत गाडले गेले होते. पोलिसांनी रस्ता अडवला होता, पण मला भाऊजींच्या जवळ उभं राहू दिलं. पोरं आत गेली होती. भाऊजी दाराशी पाय रोवून दोर धरून उभे होते, चेहरा शांत.

एक हिसका आला. ते म्हणाले, ठीक आहे. थोड्या वेळानं पुन्हा एक आला. मग थांबला. आतून धडधड ऐकू आली, धुळीचा लोट बाहेर आला. दोर निश्चल. भाऊजी वाट बघत राहिले. त्यांच्या ओठांवरचा रंग उतरत गेला. मी म्हणालो, पोरगं कामात असेल. ते म्हणाले, कामात असला तरी हिसका देतो, मी शिकवलंय त्याला. मग माझ्याकडे न बघताच ते दोराला धरून आत गेले. मागून अग्निशमनवाले ओरडत होते, वरचा मजला राहणार नाही, मागे या. चौसष्ट वर्षांचा माणूस पोराला वाचवायला पडत्या गोदामात शिरला होता आणि मी बाहेर उभा राहून नुसता घाम पुसत होतो.

आधी पोरं बाहेर आली, मागच्या बाजूनं. हमालाच्या दोन्ही खांद्यांवर दोन कामगार, जिवंत. उंदीर पुढे, आरपार मागे. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी उंदराच्या कमरेकडे बघितलं. दोर नव्हता. मी म्हणालो, अरे, मास्तर तुला शोधायला आत गेलेत. तो पांढराफटक पडला आणि तसाच परत आत पळाला.

दोघं बाहेर आले तेव्हा भाऊजींच्या खांद्यावर दोराची गुंडाळी होती आणि गुडघे सोललेले होते. दोराचं टोक त्यांनी स्वतः सोडवून आणलं होतं. दारापासून थोडंच आत, एका जाड पाइपाला ते बांधलेलं होतं. उंदीर त्या पाइपाशी बसून हिसके देत होता. आज आतून आरपारनं मदतीला हाक मारली, त्याला हिसके सोडून जावं लागलं, एवढीच काय ती चूक झाली होती.

भाऊजींनी तिघांना बाजूला घेतलं. आवाज चढवला नाही. चढवला असता तर मला बरं वाटलं असतं.

"का?" त्यांनी विचारलं.

उंदरानं आरपारकडे बघितलं. मग आरपार म्हणाली, "मास्तर, तुमची बोटं."

"बोटांचं तुम्हाला कुणी सांगितलं?" ते म्हणाले. "मीच सांगितलं होतं ना?"

तिनं मान खाली घातली. हमाल रडत होता, एवढा दांडगा मुलगा. पण तिघांपैकी एकानंही अवाक्षर काढलं नाही. भाऊजी वाट बघत थांबले, मग दोर तिथंच जमिनीवर ठेवून चालायला लागले.

त्या दिवसापासून शेडला कुलूप. भाऊजी घरी बसले, तेही त्या आरामखुर्चीत, टॉवेल बाजूला सारून. कुणाशी बोलेनात. मी विषय काढला तर म्हणाले, मला दोर नाकारला असता तर मी शेडमध्ये झाडू मारला असता. त्यांनी माझ्याजवळ एक पोर बसवलं, हिसके द्यायला. आत माणसं गाडलेली आणि तिघांतलं एक पोर माझं मन रमवायला. माझ्यापायी कुणी मेलं असतं तर?

माझाच राग उफाळून आला. थोड्या दिवसांनी पोरं फाटलेले पोशाख घेऊन दुकानात आली तेव्हा मी त्यांना उभं आडवं घेतलं. म्हणालो, ज्यानं आपलं दुखणं विश्वासानं तुमच्यापुढे मांडलं, त्याच दुखण्याला धरून तुम्ही त्याला बनवलंत. केसानं गळा कापलात त्याचा. तोंडावर सांगायची हिंमत नव्हती तर शब्द कशाला दिलात? हमाल काहीतरी बोलायला गेला, तर आरपारनं त्याचा दंड धरला. मला ते दिसलं, पण तेव्हा अर्थ लागला नाही. मी पोशाख त्यांच्या अंगावर फेकले आणि सांगितलं, दुसरा शिंपी बघा. तिघंही ते गोळा करून मुकाट्यानं निघून गेली. मला त्या वेळी फार शूर झाल्यासारखं वाटलं.

रविवारी दुपारी मी ताईकडे जेवायला होतो. भाऊजी ताटाकडे बघत बसले होते. मी आपली फुशारकी सांगितली, पोरांना कसं झाडलं ते. ताईनं पातेलं खाली ठेवलं.

"पोरांना काही बोलू नकोस," ती म्हणाली. "त्यांना मी सांगितलं होतं."

मला वाटलं, ऐकण्यात काही चूक झाली. ती मात्र थांबली नाही, बहुतेक आता थांबणंच तिला शक्य नव्हतं. गेल्या वर्षी तिनं भाऊजींच्या हातून भरलेली बादली सुटताना बघितली होती. ती शेडवर गेली, भाऊजी घरी असताना, आणि पोरांपुढे पदर पसरला. म्हणाली, त्यांना दोर नाकाराल तर ते घरी बसून झुरून मरतील, आणि खरा दोर द्याल तर तुमच्यातलं कुणीतरी मरेल. तेव्हा त्यांना दोर द्या, पण त्याच्या टोकाला माणूस बांधू नका. पोरं तयार नव्हती. मास्तरांना शब्द दिलाय म्हणाली. ताईनं त्यांना स्वतःची शपथ घातली, वर हेही कबूल करून घेतलं की काही झालं तरी माझं नाव घ्यायचं नाही.

"तुला दिलेला शब्द पाळला त्यांनी," भाऊजी म्हणाले. "मला दिलेला नाही पाळला."

"मी आई असल्यासारखी रडले हो त्यांच्यापुढे. काय करतील बिचारी."

भाऊजींनी पाण्याचा पेला बाजूला सरकवला. मग विचारलं, "कधीपासून?"

ताईनं पातेल्यावर झाकण ठेवलं.

"जिना?"

"हो."

"चिमणी?"

ताईनं मान डोलावली.

"बस पुलाखाली अडकली तेव्हा? तेव्हा मी दोर धरून दुपार काढली होती. हाताची सालं निघाली होती. तू हळद लावलीस."

"पहिल्या दिवसापासून," ताई म्हणाली. "एकही खरा नव्हता."

मी हात धुवायचं निमित्त करून उठलो आणि तिथंच उभा राहिलो. आपलेच दात आणि आपलेच ओठ, तक्रार करायची कुणाकडे? ताई माझी सख्खी बहीण. तिनं जे केलं ते प्रेमापोटी केलं हे मला कळत होतं, आणि तरीसुद्धा त्या क्षणी मला तिचा असा संताप आला की तिच्या हातचा पुढचा घास घेऊ नये असं वाटलं. दर संध्याकाळी हा माणूस हिसक्यांची गोष्ट सांगायचा आणि ती समोर बसून "मग?" म्हणायची. मीही ऐकायचो, पण मी निदान खरं समजून ऐकायचो.

भाऊजींनी तिच्याकडे बघितलं. त्यांना राग आलेला दिसत नव्हता. एखाद्या अनोळखी बाईच्या घरी चुकून जेवायला बसल्यासारखे ते अवघडून बसले होते.

"मी तुझ्यापासून कधी काही लपवलं होतं का?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"मग तू मला विचारायचं होतंस. मीच दोर ठेवला असता."

"नसता ठेवला तुम्ही."

"ठेवला असता," ते म्हणाले. "आता ते तुला कसं पटवून देऊ? संधीच दिली नाहीस."

ताई तोंडाला पदर लावून आत गेली. भाऊजींनी ताटातलं अन्न संपवलं, टाकलं नाही. मग माझ्याकडे वळून म्हणाले की पोरांचे पोशाख घेऊन ये, शिवून दे, त्यांचा दोष नाही.

मी दुसऱ्या दिवशी पोरांच्या घरी जाऊन पोशाख मागून आणले. मी माफी मागायला लागलो तर उंदरानंच मला सांभाळून घेतलं. भाऊजींनी शेड उघडली. आता दोर दुसरा कुणीतरी धरतो, खात्यानं एक जवान दिला आहे. भाऊजी शिकवतात, आणि चांगलं शिकवतात. सकाळी गोल उभं राहून उणं सांगतात, बोटं चार झाली तर चार म्हणतात. पोरं त्यांच्यापासून आता काही लपवत नाहीत, निदान मला तसं वाटतं. भाऊजींना काय वाटतं ते मी विचारलेलं नाही.

परवा पोशाखाच्या बाह्या सैल झाल्या म्हणून ते दुकानात आले होते. मी माप घेत होतो तर उजवा हात माझ्या हातात नुसता पडून राहिला, मनगटापासून खाली त्यात जीव म्हणून नव्हता. मी घाबरून विचारलं, हे कधीपासून? म्हणाले, महिना झाला असेल, पोरांना पहिल्याच दिवशी सांगितलंय.

तेवढ्यात ताई डबा घेऊन दारात आली. तिनं रोजच्यासारखं विचारलं, "हात कसा आहे आज?"

भाऊजींनी बाही खाली ओढली. "बरा आहे," ते म्हणाले.